गोळीच्या भरवशावर

"कन्निका, प्रयोगशाळेत कृमी मारशील गं. पण आधी एकदा घरच्यांच्या ताटात डोकावून ये," तिच्या गुरू, आचान प्रकोंग, तिला म्हणाल्या होत्या. कन्निका तेव्हा थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठात त्यांच्या हाताखाली नुकतीच लागली होती. "हो, आचान," म्हणून तिने मान डोलावली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ताटात बघायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असं तिला वाटलं होतं.

आज ती प्राध्यापक झाली म्हणून बापाच्या घरी जेवणावळ होती. ताटात काय आहे ते तिला फाटकातूनच वासाने कळलं.

कोय पला. तळ्यातले बोटभर मासे कच्चेच बारीक चिरून, वर लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची पूड आणि लाल मुंग्यांची अंडी. चिरायच्या लाकडी ठोकळ्याला खवले चिकटले होते आणि त्यांवर माश्या घोंगावत होत्या.  कन्निकाने आपल्या पोरीचा, छोट्या फायचा, हात घट्ट धरला.

"पो, तुम्ही यकृताच्या सोनोग्राफीला येणार होतात," ती बापाला म्हणाली. आज त्याला सोबत घेऊनच जायचं, असं ठरवून ती आली होती.

"येतो गं. लावणी उरकू दे."

"गेल्या वर्षीही लावणीच होती."

"मग? भात दर वर्षी लावावाच लागतो!"

छपराखाली बसलेले सगळे पुरुष खो खो हसले. थोरल्या भावाने, थोंगसुकने, भाताची दारू पेल्यात ओतली. "प्राध्यापकीणबाई, गोळ्या आणल्यास ना? तुझी गोळी आहे म्हणून तर बिनघोर खातोय. आज खायचं, उद्या गोळी, पोट साफ!"

"दादा, गोळी कृमी मारते. आतली जखम नाही भरत. पुन्हा खाल्लंस की पुन्हा जखम."

"मग पुन्हा गोळी!"

पुन्हा हशा. त्या उघड्या, ओल्या तोंडांकडे तिला बघवेना. कच्च्या माशातून पोटात जाणारे हे कृमी हॅमस्टरांच्या यकृतातून चिमट्याने ओढण्यात तिचं सगळं तारुण्य गेलं होतं. चपटे, पानासारखे, पारदर्शक. कृमी यकृतातल्या पित्तनलिकेला ओरबाडतो आणि त्याच्याच अंगातून झिरपणारं प्रथिन ती जखम भरून काढतं. भरता भरता पेशींना थांबायचं भान राहत नाही, आणि तोच कॅन्सर. ते प्रथिन पेशीला नेमकं कुठे जाऊन चिकटतं, हे कन्निकाने शोधलं होतं. परदेशात त्यासाठी टाळ्या पडल्या होत्या. इथे त्याच शोधाने मिळालेल्या प्राध्यापकीच्या मानाखातर तोच मासा कच्चा वाढला होता. शिजवलेला आजाऱ्यांना देतात, मानाच्या पाहुण्याला नाही. आणि गोळ्या? त्या तिच्याच तुकडीने गावात आणून वाटल्या होत्या. तिला त्यांची शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

एवढ्यात तिच्या लक्षात आलं, हातात फायचा हात नाही.

फाय आजोबांच्या मांडीवर बसली होती. गाल फुगलेले, हनुवटीवर लिंबाचा रस.

"पो! काय दिलंत तिला?"

"घासभर गं. शास्त्रज्ञाची पोर माशाला भिते होय?"

कन्निकाने पोरीला ओढलं, अंगणात नेऊन गुडघ्यावर पालथं घातलं आणि तिच्या घशात बोट घातलं. पोर ओकली. चिकट भात, गुलाबी मांसाचे धागे. कन्निका काडीने त्यात ढवळत राहिली. अजून आहे का आत? तिने पुन्हा बोट घातलं. फाय किंचाळून रडू लागली.

थोंगसुक उठून उभा राहिला. "बापाच्या हातचा घास ओकवलास? सगळ्यांदेखत?"

"विष होतं ते."

"मग आम्ही काय जन्मभर विष खातोय?"

"हो!"

कुणी हसलं नाही. पेले होते तिथेच राहिले.

 म्हातारा उठून पाण्याच्या रांजणापाशी गेला. साबण घेऊन त्याने हात चोळचोळून धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. नखांतली घाण काडीने काढली. मग छपराखालून बाहेर, भर उन्हात आला आणि शाळेत मुलं दाखवतात तसे दोन्ही तळवे त्याने लेकीच्या नाकापुढे धरले.

"बघ. येतोय का वास? आता घेऊ का तिला?"

कन्निकाने तळव्यांवरून मान वर केली. छपराच्या सावलीत दिसले नव्हते ते त्याचे डोळे आता दिसले. पांढऱ्याच्या जागी पिवळं. हळदीसारखं. पित्तनलिकेच्या कॅन्सरच्या वॉर्डात ती रोज हा रंग बघत होती. हा रंग आल्यावर सोनोग्राफीला सांगायला फारसं काही उरत नाही.

तिने फायचं तोंड रुमालाने नीट पुसलं आणि पोर त्याच्या हातांत दिली.

आमच्या गावांकडे माणसं सावलीतच बसतात, सावलीतच बोलतात आणि निरोपही तिथेच घेतात. तुमच्याही घरी कुणी 'मला काही होत नाही' म्हणत असंच आत बसलेलं असेल. त्यांना जरा उन्हात बोलवा. डोळे बघा. आजच.