बाराव्या ठाण्याचा नकार

वेंदुलाचा प्रोग्रॅम अकरा ठाण्यांवर नदीची पातळी नोंदवत होता. बारावं ठाणं धरणाच्या पायथ्याशी. तिथे तो सुरू होताच बंद पडायचा. दुपारी दोनला विभागप्रमुख पावलासोवा मॅडम निर्णय देणार होत्या. बारावं चाललं नाही तर सगळीकडे जुना प्रोग्रॅम परत बसवायचा, असं त्यांनी सोमवारीच सांगितलं होतं. म्हणजे वेंदुलाचं आठ महिन्यांचं काम बाद.

साडेअकराला तिचा वरिष्ठ सहकारी बोहदान खालच्या खानावळीतून जेवून आला. चेकियातल्या ब्रनोच्या त्या कार्यालयात दारातच बूट काढतात. त्याच्या सपाता फरशीवर फटफट वाजत होत्या.

"इंजिनिअरबाई, आज क्नेडलिक संपले. तुझ्या वाटचे कणकेचे गोळे मीच खाल्ले."

"असू दे. मला भूक नाही."

"काय म्हणतंय बारावं?"

"परवानगी नाही म्हणतंय."

प्रोग्रॅम सुरू होताना कर्नेलला, म्हणजे संगणकाच्या यंत्रणेच्या गाभ्याला, एक नवी सोय मागून बघत असे. 'अशी सोय नाही' असं उत्तर आलं, तर तो जुन्या, संथ पद्धतीने काम करी. दुसरी कुठलीही चूक आली, तर थांबे. अशी चूक म्हणजे खरा बिघाड, असं वेंदुलाने धरलं होतं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, नुसता कर्नेलचा क्रमांक बघ."

"क्रमांक खोटा असतो, बोहदान. जुन्या क्रमांकाच्या कर्नेलमध्ये विकणारे नव्या सोयी मागाहून घालतात. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं. मग परवानगी मागितलीस का?"

"लिबोरने सगळ्या दिल्या. तरी तेच."

लिबोर धरणावरचे संगणक सांभाळायचा. तिने त्याला पुन्हा फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"लिबोर, तुझ्याकडे माझा प्रोग्रॅम नक्की कसा चालतो?"

"डब्यात, म्हणजे बाकी यंत्रणेपासून वेगळा कोंडून. धरणाचा नियम आहे. दारावर यादी आहे, कर्नेलकडे काय काय मागायला परवानगी आहे त्याची. यादीत नसेल ते दारातच परत."

"परत पाठवताना दारावरचा पहारेकरी काय सांगतो?"

"परवानगी नाही, असं."

बोहदानने चष्मा कपाळावर चढवला. "यादी कधीची?"

"चार वर्षांची. बदलायला समिती लागते. समिती ऑक्टोबरात."

वेंदुलाने फोन ठेवला. मागितलेली सोय तीनच वर्षांपूर्वी आलेली, म्हणजे यादीत नसणारच. उत्तर कर्नेलचं नव्हतंच. मागणी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"सोपं आहे," बोहदान म्हणाला. "परवानगी नाही म्हटलं की सोयच नाही असं समजायचं आणि संथ पद्धतीने जायचं."

"मग परवानगीचा खरा गोंधळ कुठे झाला तर तो कधीच दिसणार नाही. पूर आला की दिसेल."

"मग बस समितीची वाट बघत."

वेंदुलाने कळफलक पुढे ओढला. मग तिने प्रोग्रॅममध्ये सात ओळी घातल्या. 'परवानगी नाही' आलं, की तीच सोय पुन्हा मागायची, पण मुद्दाम चुकीच्या आकड्यासकट.

"हे काय?"

"मूर्खासारखं विचारायचं. ज्या कर्नेलला सोय माहीत आहे तो आकडा बघून चूक दाखवेल. मग परवानगीचा गोंधळ खरा, आणि प्रोग्रॅम थांबेल. दारावरचा पहारेकरी आकडा बघतच नाही. तो पुन्हा परवानगी नाही म्हणेल. मग संथ पद्धत."

"आणि दारावरचा हुशार निघाला तर?"

"चार वर्षांत निघाला नाही."

एक वाजून चाळीस मिनिटांनी लिबोरने नवा प्रोग्रॅम चढवला. पहिलं उत्तर, परवानगी नाही. दुसरं, परवानगी नाही. मग पडद्यावर पातळी आली: ८४ सेंटिमीटर. दहा सेकंदांनी पुन्हा ८४.

दोनला पावलासोवा मॅडम आल्या. त्यांनी बारा आकडे वाचले आणि मग तक्त्यावर बोट ठेवलं. त्यात ठाण्यांपुढे नवी सोय 'आहे' किंवा 'नाही' असं लिहिलेलं होतं. बाराव्यापुढे जागा रिकामी होती.

"इथे काय लिहू? आहे की नाही?"

"माहीत नाही, मॅडम. तिथल्या कर्नेलला विचारताच आलं नाही."

"पण पातळी बरोबर?"

"पातळी बरोबर."

मॅडमनी वेंदुलाच्या प्रोग्रॅमच्या मंजुरीवर सही केली. त्या गेल्यावर वेंदुलाने रिकाम्या चौकटीत 'विचारता आलं नाही' असं लिहिलं, आणि क्नेडलिक खरंच संपलेत का ते बघायला खाली गेली.