ढकललेल्यांतला एक

थोरल्याचा बाप प्लास्टरचे देवदूत ओतायचा आणि ओतता ओतता दोन्ही मुलांना त्यांची कुळकथा सांगायचा. निरोप पोचवणारे देवदूत वाऱ्यातून जन्मले, म्हणून त्यांचे पंख मागे ओढलेले. राखणदार देवदूत माणसांच्या काळजीतून जन्मले, म्हणून त्यांच्या डोळ्यांखाली जागरणाची सूज. सैतान मात्र वेगळे जन्मालाच आले नाहीत.

"सैतानाला साचा नसतो," बाप म्हणायचा. "देवदूतच ओतायचा आणि ओला आहे तोवर बिघडवायचा. त्यांच्यात दोनच जाती. एक घमेंडीनं खाली उडी मारलेले, दुसरे कुणीतरी ढकललेले. दुसऱ्यांची चौकशी कुणी करत नाही."

देवदूताला ओळखीच्या माणसाचा चेहरा द्यायचा, तोही त्याला विचारून. सैतान करताना तो चेहरा इतका मोडायचा, की सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नये. कारखान्याला कायदा असा हा एकच, बाकी सगळा आनंदीआनंद.

तो कायदा थोरल्यानं तेहतीस वर्षांपूर्वी मोडला.

बाप गेल्यावर दोघा भावांकडे प्रार्थनाघराच्या छताचं काम आलं. घाईघाईत थोरल्यानं प्लास्टर पातळ कालवलं आणि एका राखणदाराचा पंख तडकला. त्यानं तड्यात लांबीचा लगदा भरला, वरून सोनेरी रंग फासला. झाकली मूठ! पण धाकट्याच्या पोटात काही राहायचं नाही. त्यानं सरळ रखवालदाराला सांगितलं, "त्या पंखाखाली कुणाला बसू देऊ नका." पंख उतरवावा लागला आणि थोरल्याची चारचौघांत शोभा झाली. धाकट्याचं बरोबर होतं, हे थोरल्याला त्याच दिवशी कळत होतं. म्हणून तर राग जास्त.

"घरचा भेदी," तो म्हणाला.

छतावर दोन जागा उरल्या होत्या, एक निरोप्याची आणि एक खिडकीवरच्या सैतानाची. धाकट्याच्या चेहऱ्याचा साचा निरोप्यासाठी केलेला. थोरल्यानं त्यातून सैतान ओतला. शिंगं लावली, ओठ फाकवले, गाल खरवडले, आणि धाकट्याची लहानपणी फुटलेली डावी भुवई मात्र जशीच्या तशी ठेवली. निरोप्याची जागा कोरीच राहिली. छत लोकांसाठी खुलं झालं त्या दिवशी धाकटा मान वर करून बराच वेळ उभा राहिला. मग घरी गेला, पिशवी भरली आणि गाव सोडलं.

पहिली दहा वर्षं थोरल्याला वाटत होतं, धाकट्यानंच आधी पत्र लिहावं. पुढची तेवीस गेली कुठल्या तोंडानं लिहू, या विचारात. माणूस आयुष्य कशात घालवेल, नेम नाही.

आणि एका दुपारी कारखान्याच्या दारात धाकट्याची मुलगी उभी राहिली.

"मोठे काका ना? बाबा गेले. दोन महिने झाले."

थोरल्याच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. त्यातलं प्लास्टर घट्ट होऊन गेलं, त्याला कळलंही नाही.

"त्यांच्या तरुणपणाचा एक फोटो नाही आमच्याकडे," ती म्हणाली. "म्हणायचे, माझा चेहरा प्रार्थनाघराच्या छतावर आहे, दादाच्या हातचा. दाखवता?"

त्यानं गरजेपेक्षा जास्त वेळ हात धुतले. वाटेत तो स्वतःला बजावत राहिला, खरं सांग, आता तरी खरं सांग. प्रार्थनाघरात बाकं रिकामी होती. वर अकरा देवदूत. पुतणीनं मान वर केली आणि थोरल्याचं बोट आपोआप उजवीकडच्या तिसऱ्या देवदूताकडे गेलं.

"तो."

"छान आहे," ती म्हणाली. मग बाकावर बसली. "काका, सकाळी मी एकटी येऊन गेले इथे. खिडकीवरची भुवई बघितली."

थोरल्यानं बोट खाली घेतलं.

"बाबांनीच सांगितलं होतं, शिंगवाला शोध. आणि म्हणाले, तरी दादाला विचार. त्यानं खरा दाखवला तर माझा नमस्कार सांग. देवदूत दाखवला तर गप्प ये, त्याला अजून जड जातंय." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "पण मला गप्प बसता येत नाही. बाबांवर गेलेय."

"फार राग होता का गं त्याला?"

"नाही हो. दिवाणखान्यात बसून म्हणायचे, दादा बोलावेल. जो ढकलतो त्यानंच हात द्यायचा असतो, आम्हाला आमच्या बापानं असंच शिकवलंय."

बापानं असं काही शिकवलं नव्हतं. ते धाकट्यानं मनचं घातलं होतं, थोरल्यासाठी जागा ठेवायला. थोरला तिच्याशेजारी बाकावर बसला. मग त्याचं बोट वर उचललं गेलं, खिडकीकडे.

"तो," तो म्हणाला. "तो माझा भाऊ. तो मी केला."

पुतणी छताकडे पाहत राहिली. थोरला नमस्काराची वाट बघत होता. तिनं तो सांगितला नाही, आणि मागायची त्याची हिंमत झाली नाही.