पूजेत बसलेला टेलिफोन

खंडेनवमीचा दिवस, सकाळचे अकरा. नागपुरात तांडापेठेतल्या एका विणकराच्या मागघरात टेलिफोन वाजला आणि तो कुणीही उचलला नाही. घर रिकामं होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. गल्लीतली निम्मी माणसं त्या वेळी टेलिफोनसमोर हात जोडून उभी होती.

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे, आणि त्या दिवशी वाजत होतो तो मीच. साल होतं १९७९.

माझा जन्म बंगळूरच्या कारखान्यातला. काळं, कडक अंग, तोंडावर भोकांची तबकडी, पोटात पितळेच्या दोन वाट्या आणि त्यांच्यामध्ये एक इवलासा टोला. वीज आली की टोला वाट्यांवर आपटतो. माझं वाजणं म्हणजे एवढंच. मालगाडीने मी नागपूरला आलो आणि टेलिफोन खात्याच्या गोदामात बरेच दिवस फळीवर पडून राहिलो. शेजारी हस्तिदंती रंगाचा एक टेलिफोन होता. येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जायची. मी वाट पाहत होतो.

तिकडे तांडापेठेत भागीरथाही वाट पाहत होती. ती हातमागावर टसर रेशमाच्या साड्या विणायची. करवतीच्या दातांसारखा काठ असलेली करवतकाठी साडी तिच्या हातून अशी उतरायची, की काठाकडे पाहून जाणती माणसं घर ओळखत. पण दुकानात त्या साडीवर तिच्या घराचं नाव कधी गेलं नाही. गल्लीचा सगळा माल शालिकराम नावाचा दलाल सीताबर्डीच्या बाजारात न्यायचा. तो सांगेल तो भाव, तो सांगेल तो काठ. दुकानदाराला नेमकं काय हवं होतं, हे गल्लीला कधी कळत नसे.

एकदा भागीरथा स्वतःच सीताबर्डीला गेली. कापड दुकानदार बाबनरावांनी तिला गादीजवळ बसवलं आणि सरळ सांगितलं, “बाई, गिऱ्हाईक इथं माह्यासमोर बसलेलं असते. त्याले हिरवा काठ पायजे, का जांभळा पायजे. मी शालिकरामले निरोप देतो, तो तुमच्याकडे जाते, उद्या परत येते. तवरोक गिऱ्हाईक समोरच्या दुकानातली साडी नेसून घरी पोचते. तुमच्याकडे फोन असता, तर मी तुमालेच विचारलं असतं.”

“फोन घेतला तर इचाराल जी?”

“इचारीन. पण सणाच्या गर्दीत एकदा घंटी देईन, फार तर दोनदा. उचलला नाही, तर पुन्हा शालिकराम. मंग नाव ठेवायचं नाही.”

भागीरथा घरी आली ती हाच विचार घेऊन. गल्लीतल्या विणकरांनी मिळून अनामत भरली. साध्या रांगेत नंबर यायला वर्षं लागायची. अनामतवाल्या रांगेत महिने. खरा वाद पेटला तो टेलिफोन कसा घ्यायचा आणि कुठे ठेवायचा यावर.

भागीरथाचा नवरा रुपराव हौशी माणूस. “हस्तिदंतीच घेऊ,” तो म्हणाला. “अन् परगावचं कनेक्शन चालू ठेवू. मुंबईले बोलता आलं पायजे.”

“मुंबईले कोन हाय आपलं?” भागीरथाने विचारलं.

“नसन कोनी. पण बोलता तं आलं पायजे!”

तिचे सासरे मारोतराव गल्लीतले वडीलधारे. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. त्यांचं म्हणणं असं, की टेलिफोन बैठकीत, देवादिकांच्या फोटोखाली ठेवावा. मागघरात सुताचा भुगा उडतो, तिथे एवढी महाग वस्तू ठेवणं म्हणजे अवदसा ओढवून घेणं.

भागीरथाने कुणाशीच वाद घातला नाही. ती शेजारच्या प्रेमिलाला म्हणाली, “तुह्या घरच्यायच्या सायकलची घंटी काढून आन.”

घरातले सगळे माग एकदम सुरू केले. भागीरथा आपल्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली आणि प्रेमिला घंटी घेऊन बैठकीत उभी राहिली. थोड्या वेळाने ती तणतणत आत आली.

“ऐकू आली का वं?”

“काय?”

“घंटी!”

“कवा वाजवली?”

“माहं बोट दुखून राहिलं, अन् ही इचारते कवा वाजवली!”

मग प्रेमिलाने स्वयंपाकघरात वाजवून पाहिली, ओसरीत पाहिली, अंगणात पाहिली. मागांच्या खटखटीपुढे काहीच टिकलं नाही. अखेर मागघरातल्या कोनाड्याजवळ वाजवली, तेव्हा भागीरथाने धोटा थांबवून हात वर केला. ऐकू आली होती, पण पुसटशी.

दुसऱ्या दिवशी ती टेलिफोन ऑफिसात गेली. परगावचं कनेक्शन बंद ठेवा, रंग कोणताही चालेल, पण एक जादा मोठी घंटी द्या, असं तिने सांगितलं. अर्ज घेणाऱ्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं. “बाई, लोक रंगासाठी भांडतात माझ्याशी. जादा घंटी मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” मग हसून म्हणाला, “आहे. देतो.”

अशी माझी निवड झाली. फळीवरून मला खाली काढलं, तेव्हा हस्तिदंती शेजारी माझ्याकडे पाहत होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. मी मात्र मागे वळून पाहिलं नाही.

पोळ्याच्या सुमारास लाइनमनने मला मागघरातल्या कोनाड्यात बसवलं आणि वरच्या तुळईला जादा घंटी ठोकली. भागीरथाने सीताबर्डीला जाऊन नंबर दिला. पण बाबनरावांचा फोन काही आला नाही. प्रेमिलाच्या भावाचा आला. चुकीचे आले. एकदा कुणीतरी कोळसा किती दिवसांत मिळेल म्हणून विचारलं. शालिकराम दारावरून जाताना रोज डोकावायचा.

“काय वहिनी, बोलते का तुमचा कावळा?”

“बोलन जी. घाई काय हाय त्याले?”

“घाई त्याले नाही, तुमाले हाय,” असं म्हणून तो हसत पुढे जायचा.

दिवस जाऊ लागले तसे मारोतराव हळूहळू माझ्या बाबतीत नरमले. येता-जाता धोतराच्या सोग्याने माझ्यावरचा सुताचा भुगा पुसू लागले. खंडेनवमीला मागघरात औजारांची पूजा मांडली. धोटे, फण्या, कांड्या, चरखा, सगळं पाटावर ओळीने ठेवलं. मारोतरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“हाही आपलं पोट भरनार हाय ना? मंग याले काहून बाहेर ठेवता?”

त्यांनी मला तारेसकट उचलून पाटावर मधोमध बसवलं. तबकडीला हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यापासून असा मान मला कधी मिळाला नव्हता. भागीरथाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आनंदाच्या भरात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. विणकरांच्या त्या गल्लीत पूजेत बसलेल्या औजाराला दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावत नाही.

अक्षता पडल्या, आरती झाली, आणि मी वाजलो.

तुळईवरची मोठी घंटी सगळं घर हादरवत होती. माग बंद होते, त्यामुळे आवाज पार चौकापर्यंत गेला असेल. डोक्यावरचं झेंडूचं फूल थरथरून खाली पडलं. भागीरथाचा हात पुढे आला.

“हात लावू नोको,” मारोतराव म्हणाले.

“बाबा, बाबनराव असन तं?” रुपरावने विचारलं.

“असन. पूजेत बसलेलं औजार उचलत नाही गा. माह्या बापानं उचललं नाही, मी उचललं नाही.”

मी वाजत राहिलो. मग थांबलो.

“गेला वं,” प्रेमिला हळूच म्हणाली.

भागीरथाने पदर खोचला. आवाज चढवला नाही. “मामाजी, धोटा तुमी थांबवला, तो थांबला. फणी थांबली. हा कुठं थांबला? पोट भरते म्हनून तुमीच याले बसवलं. तो तिथं बसून कामच करून राहिला. अर्ध्या कामातून आपन कोन्या औजाराले टाकून उठतो का?”

मारोतराव पाटाकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा मला समोरूनच दिसत होता. एका बाजूला बापजाद्यांची रीत, दुसऱ्या बाजूला त्याच बापजाद्यांचा धंदा. तेवढ्यात मी पुन्हा वाजायला लागलो. हीच दुसरी घंटी. तिसरी येणार नव्हती.

“थांबा!” मारोतराव एकदम ओरडले.

“बाबाजी, तो नाही थांबत!” प्रेमिला म्हणाली.

“त्याले नाही, तुमाले म्हनतो!” म्हाताऱ्याने चिमूटभर अक्षता उचलल्या. “याची एकट्याची उत्तरपूजा करतो. बाकीचे बसून राहातीन.” मंत्र अर्धा तोंडात, अर्धा पोटात. पळीभर पाणी सोडलं, त्यातलं थोडं माझ्या तबकडीत गेलं. अक्षता टाकल्या आणि रीतीप्रमाणे मला बोटभर उत्तरेला सरकवलं. “झाली! उचल आता, भागीरथा, उचल!”

कुंकवाच्या बोटांनी तिने मला उचललं.

“हॅलो, तांडापेठ.”

पलीकडून आधी बाबनराव नाही, दुसराच आवाज ऐकू आला, जरा लांबून: “मी म्हटलं होतं ना शेठजी, आज खंडेनवमी हाय. ते लोक कशाले हात नाही लावत. म्हनून तं मी मुद्दाम आज ऑर्डर घ्याले आलो...” शालिकरामचा आवाज मधेच तुटला.

“कोन, भागीरथाबाई?” बाबनराव म्हणाले. “कुठं होत्या?”

“पूजेत होतो जी. बोला.”

रायपूरचं लग्नघर दुकानात बसलं होतं. मुलीच्या लग्नाला करवतकाठी साड्या हव्या होत्या, काही गर्द हिरव्या काठाच्या, काही लाल काठाच्या, आणि दिवाळीच्या आत. जमेल की नाही, हे आत्ताच सांगायचं होतं.

इतर कुठल्या दिवशी हा प्रश्न आला असता, तर भागीरथाला घरोघर फिरावं लागलं असतं. त्या दिवशी सगळी गल्ली तिच्यासमोर उभी होती. तिने माझं बोलायचं टोक तळहाताने झाकलं आणि विचारलं, “हिरवा काठ कोनाच्या मागावर चढला हाय?”

“माह्या!” “आमच्याकडे दोन हायत!” “लाल मी चढवतो, दसरा झाला की!” एकाच वेळी सगळे बोलू लागले. प्रेमिला तर रंगाचं नाव घ्यायच्या आधीच हात वर करून उभी होती.

भागीरथाने हात काढला. “जमते जी. दिवाळीच्या आत घेऊन येतो. पन एक सांगते. साडीवर आमच्या गल्लीचं नाव राहीन.”

मग बाबनराव म्हणाले, “उत्तर एवढ्या लवकर मले कधी भेटलं नाही. लावा नाव.”

तिने मला खाली ठेवलं आणि मागघरात एकच गलका उडाला. रुपरावने ढोल मागवला. मारोतराव पाटाजवळ बसून राहिले होते, प्रेमिलाने त्यांच्या तोंडात पेढा कोंबला तेव्हा म्हणाले, “मंत्र पुरा म्हटला नाही गा मी.” भागीरथा त्यांच्या पाया पडली. त्या वर्षीपासून गल्लीत नवी रीत पडली: खंडेनवमीला सगळ्यात आधी पूजा टेलिफोनची, आणि तिथल्या तिथे त्याची उत्तरपूजा. आता ती रीत जुनीच आहे असं लहान पोरांना वाटतं.

साड्या दिवाळीच्या आत पोचल्या. मग दुसऱ्या दुकानांचे फोन आले, सदर बाजारातून आले, उमरेडच्या विणकरांचेही आले. तुळईवरची घंटी वाजली की ज्याच्या हातात जे असेल ते थांबायचं.

चांगले दिवस सलग येत नाहीत, मित्रांनो. एकदा रस्ता खोदताना तार तुटली आणि मी बराच काळ मुका होतो. तेव्हा माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले, मला दाराला टेकण म्हणून लावलं. पोरांनी तबकडी फिरवून फिरवून सैल केली. पुढे रुपरावने हौस भागवली आणि बैठकीत माझ्याच तारेवर चालणारा दुसरा, हस्तिदंती फोन आणला. पाहुणे त्याचं कौतुक करतात. तो दिसायला सुरेख आहे, हे मी मान्य करतो. पण माग सुरू असले की त्याचं वाजणं कुणाला ऐकू जात नाही. अजून धावत येतात ते माझ्याकडेच.

म्हणून एवढंच मागतो. आमची तार ओढू नका. तबकडीत पाणी जाऊ देऊ नका, मग ते पूजेचं असलं तरी. आणि घरी नवी वस्तू आणाल, तेव्हा दुकानात तिचा रंग पाहण्याआधी घरात तुम्ही कुठे बसून काम करता ते पाहा.

आज १९८७ सालच्या दसऱ्याला आठवडा उरला आहे. सकाळी मी वाजलो. भागीरथाने उचललं. पलीकडे शालिकराम होता. तो आता रायपूर आणि जबलपूरकडे फिरतो. गल्लीच्या साड्या, गल्लीच्याच नावाने, तिकडच्या दुकानांत विकायला द्याल का, असं त्याने विचारलं. “वहिनी” म्हणायच्या आधी तो दोनदा खाकरला.

भागीरथा म्हणाली, “गल्लीले इचारून सांगते जी.”

संध्याकाळी मागघरात सगळे जमले आहेत. प्रेमिला नको म्हणते, रुपराव हो म्हणतो, मारोतराव सुपारी कातरत ऐकत आहेत. मी कोनाड्यात आहे. शालिकरामला अजून फोन गेलेला नाही.