तिसऱ्या खोलीचं छत

सकाळपासून मिस्त्रींना कुणी धड काम करू देत नव्हतं.

काम तसं साधं होतं. लेक आणि जावई हे घर विकत घेणार होते, आणि छत धड आहे की नाही एवढं मिस्त्रींनी सांगायचं होतं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला त्यात अवघड काय? हलक्या हातोडीने स्लॅब ठोकत जायचं. भरीव असेल तिथे खणखणीत वाजतो, आतून सुटला असेल तिथे बद्द. काम सोडून तीन वर्षं झाली, तरी घर घेण्याआधी लोक त्यांना बोलवायचेच. या एका वर्षात त्यांनी सात घरं ठोकून दिली होती. मिस्त्रींनी मान डोलावली की लोक डोळे मिटून सही करतात, हे सांगताना त्यांची छाती जरा फुगायचीच.

पण इथे छत दिसेल तर ना! जिना चढून वर गेले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलर पॅनेलं. खाली जेमतेम वीतभर फट. वाकून पाहिलं तर अंधार, कुजलेला पाला आणि एक मेलेलं कबूतर.

"दोन पॅनेलं उचला, खालचं बघतो," मिस्त्री म्हणाले.

"छे छे, हात लावायचा नाही," घरमालक आडवा आला. "परक्या माणसाने एक नट जरी फिरवला तरी गॅरंटी गेली म्हणून समजा."

मग पॅनेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पंचवीस वर्षांची हमी आहे ती पॅनेलची, छताशी आमचा संबंध नाही. पॅनेलचे पाय रोवायला छतात भोकं पाडली ती मालकांना विचारून. मालक म्हणाला, मला विचारलं, पण भोकं कशी बुजवायची ते काय मी सांगायचं? हा त्याच्यावर ढकलतोय, तो ह्याच्यावर, आणि मध्ये मिस्त्री उन्हात उभे. त्यांनी तीन वेळा "काय म्हणाला?" विचारलं आणि शेवटी फोन लेकीच्या हातात कोंबला.

"या फोनमध्ये एक अक्षर नीट ऐकू येत नाही. तूच बोल!"

जावईबापूंचं वेगळंच चाललं होतं. त्यांनी मीटरचे चार फोटो काढले होते, वर्षभराची बिलं तपासली होती, आणि छताकडे मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

"बाबा, वीजबिल जवळजवळ शून्य! आयुष्यभर!"

"छत पडल्यावर अंधारात काय करणार त्या विजेचं?" मिस्त्री खेकसले.

लेक मात्र हसली नाही. अकरा वर्षांत तिने भाड्याची पाच घरं बदलली होती. मागच्या घरात छताचा परातीएवढा पोपडा थेट पाळण्यात पडला होता. बाळ तेव्हा तिच्या कडेवर होतं म्हणून वाचलं. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरली की ती आधी वर बघायची. आज ती वर बघत नव्हती. बापाकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच," ती म्हणाली. "पाच वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार आहे म्हणे."

वरून बघता येत नाही तर खालून. पहिल्या खोलीत स्टूल ठेवून मिस्त्री चढले.

"पंखा बंद करा. आणि जावईबापू, तोंडही."

त्यांनी ठोकायला सुरुवात केली. टुक, टुक, टुक. हातोडीला कुणी चिंधी गुंडाळल्यासारखा आवाज येत होता, पण सगळीकडे एकसारखा. आणि एकसारखा वाजला की स्लॅब भरीव, हा त्यांचा जुना हिशेब. दुसऱ्या खोलीतही तेच.

"ठणठणीत!" ते म्हणाले. जावयाने मालकाकडे बघून अंगठा वर केला आणि दोघं बाहेर बोलणी करायला बसले.

तिसरी खोली मागची होती. नातीसाठी लेकीने ती मनातल्या मनात ठरवून टाकली होती. हिच्या छताला तेवढा नवाकोरा रंग. स्टूल डगमगलं म्हणून मिस्त्रींनी डावा तळवा छताला टेकवला आणि उजव्या हाताने ठोकलं.

टुक. आवाज तोच. पण तळव्याखाली छत थरथरलं, पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखं.

ते वीतभर सरकले. टुक. इथे तळवा शांत. पुन्हा मागे आले. तळव्याला थरथर, कानाला तोच टुक. त्यांनी चार वेळा करून पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते शेजारचं मशीन आधी बंद करायला सांगा! माणसाने ऐकायचं कसं?"

"बाबा," लेक दारातून म्हणाली, "कुठलंच मशीन चालू नाहीये."

मिस्त्री स्टुलावर तसेच उभे राहिले. इथे पोकळ आहे एवढं सांगून खाली उतरता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण पहिल्या दोन खोल्यांत त्यांनी तळवा कुठे लावला होता? तिथे तर नुसतं ऐकलं होतं. बाहेर जावई म्हणत होता, बाबांनी ठणठणीत सांगितलंय, चेक कुणाच्या नावाने लिहू? आपलाच शब्द, आणि आपल्यालाच तो गिळायची पाळी. मिस्त्रींना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला, आणि तो काढायला या वेळी समोर कुणी नव्हतं.

ते खाली उतरले. हातोडी लेकीपुढे धरली.

"चढ. तू ठोक."

"मी? तुम्ही तर मला हातोडीला हातसुद्धा लावू देत नव्हतात."

"आता देतोय ना! ठोक, आणि कसं वाजतं ते मला सांग." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही, बाळ."

तिने ठोकलं. एकदा इथे, एकदा तिथे. मग वळून बापाकडे पाहिलं.

"बद्द वाजतंय. केवढ्या मोठ्याने वाजतंय, बाबा! हे तुम्हाला ऐकू आलं नाही?"

पुढचं सगळं भराभर झालं. ती पहिल्या खोलीत धावली, आणि मिस्त्रींनी ठणठणीत म्हटलेल्या त्या छताखाली, खिडकीपासून थेट दारापर्यंत, तिला बद्दच वाजत गेलं. वर बरोबर पॅनेलच्या पायांची रांग होती. मालक म्हणाला, ठोकलं की वाजणारच. जावयाने चेकबुक खिशात घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून छताकडे पाहिलं.

फाटकाबाहेर आल्यावर लेकीचा बांध फुटला.

"कधीपासून? मी डोळे मिटून घेणार होते हे घर! तिथे पोरीला झोपवणार होते! एका शब्दाने सांगता येत नव्हतं?"

"वर्ष झालं असेल," मिस्त्री म्हणाले. "मला वाटायचं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात."

ती आणखी बोलणार होती, पण तिचं लक्ष बापाच्या हाताकडे गेलं. मिस्त्री बोटं मोजत होते. सात बोटांवर येऊन थांबले. पहिलं घर शिंपिणीचं. तिथे तिसऱ्याच टुकला त्यांनी मान डोलावली होती, आणि तिने चहा करून पाजला होता. तिच्या म्हाताऱ्या आईची खाट खिडकीखाली होती, हे त्यांना आत्ता आठवलं.

त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, कानाला घट्ट दाबून धरला आणि बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग तो लेकीपुढे केला.

"बघ गं, तिने उचललाय का. उचलला असेल तर सांग, खाट तेवढी बाजूला घ्या. आम्ही दोघं येतोय."