पट्ट्यावर राहिलेली वच्छला

टेबलावर एक कोरा कप, एक छापील कागद आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे होते. बटर पेपर नव्हता. मित्रांनो, माझी गोष्ट या नसण्यापासून सुरू होते.

मी कप छापायच्या यंत्रातला जुना रबरी पट्टा आहे. पांढुर्ण्यात दामिनीच्या दुकानात राहतो. कपाभोवती कागद, कागदाभोवती मी. घट्ट मिठी मारायची आणि तापायचं, एवढंच माझं काम. कागदावरची शाई वितळत नाही. तिची सरळ वाफ होते आणि कपाच्या लेपात शिरते. थोडी वाफ कागदाच्या मागूनही निसटते. ती अडवायला मध्ये बटर पेपर लागतो.

त्या दिवशी कप करून घ्यायला आलेल्या नत्थूजींची सौसरची बस सुटत होती. "एकदा नाही लावला तं काय होते," म्हणत दामिनीने मला तसंच आवळलं. कप देखणा झाला. त्यावर नत्थूजींची वारलेली बायको, वच्छला. रोज सकाळी पहिला चहा ते तिच्यासाठी त्या कपात ओतणार होते.

ती माझ्यावरही राहिली.

पुढचा कप रोशनच्या लग्नाचा. कपाच्या कानाजवळ, जिथे कागद पोचत नाही तिथे, दोन फिकट डोळे उमटले. "हे कोन पाहून राहिलं बाप्पा?" रोशन ओरडला. तेव्हापासून दामिनी बटर पेपर कधी विसरली नाही. मी अनोळखी चेहऱ्यांना मिठ्या मारत राहिलो. पेपरामागे वच्छला तशीच जागी.

मग एक दिवस नत्थूजी परत आले.

"माकडानं कप विहिरीत लोटला, पोरी. पाहाले वाकलो तं मोबाईलबी गेला."

"काका, छापून झाला का, माझ्याकडचा फोटो मी मिटवून टाकतो जी."

"जामसांवलीच्या देवळात काढलेला तो एकच होता वं."

दामिनी माझ्याकडे पाहत राहिली. "या पट्ट्यावर काकू आहे अजून. कागद न लावता कोरा कप तापवून पाहू. पण जे निघन ते निघन. मंग इथूनबी जाईन ते."

नत्थूजींनी मला बोटांनी चाचपलं. "डोये आले तरी पुरे. मी काय ओतून राहिलो, ते तिले दिसलं पाहिजे."

मित्रांनो, आपलं माणूस एकाच जागी ठेवू नका. आमच्यासारख्यांवर ते चुकून राहतं.

दामिनीने तीन कोरे कप मांडले. तापमान एकशे नव्वद अंश, वेळ प्रत्येकी तीन मिनिटं.

पहिला कप: कुंकू आणि डावा डोळा.

दुसरा: कुंकू.

तिसरा: कोरा.