टोपीचे पंख

बायका कपडे धुतात त्या घाटावर पुरुषाने फिरकायचं नाही, हा गावचा जुना रिवाज. पॅरिसहून आलेल्या चिताऱ्याला तो कुणी सांगितला नाही, आणि बायकांनीही त्याला हाकललं नाही. कागदावर आपण कशा दिसतो हे बघायची हौस सगळ्यांनाच होती, कोरांतीनला तर फारच. पण मेला कागद छातीशी धरून बसायचा!

कोरांतीनचा नवरा समुद्रात बुडाला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. गावातल्या बायकांच्या टोपीला दोन बाजूंना लांब कापडी पट्ट्या असत, त्यांना पंख म्हणत. विधवेने ते दोन्ही खांद्यावर सोडायचे. ते वर टाचले की दुखवटा संपला, बाई लग्नाला मोकळी. फक्त घाटावर कपडे बडवताना पंख भिजू नयेत म्हणून विधवाही ते वर टाचत. बायकांना हे ठाऊक. पुरुषांना कुठून असणार?

चिताऱ्याने कोरांतीन दिसली तशी, वर टाचलेल्या पंखांसकट काढली आणि चित्र लावलं खानावळीच्या भिंतीवर. रविवारी चर्चच्या दारात एर्वे नावाडी कोरांतीनला आडवा आला.

"दुखवटा संपला ना? मग मी विचारू का?"

"कोण म्हणालं संपला म्हणून?"

"खानावळीत सगळ्यांनी बघितलंय की!"

हे कानावर पडलं मात्र, सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या लेकाला विसरलीस एवढ्यात? जा, आत्ताच्या आत्ता पुसून घे ते. नाहीतर जा त्या नावाड्याच्याच घरी!"

"अहो आई, घाटावर तुमचेही पंख वरच असतात की!"

"मला कोण बघतंय, भवाने!"

कोरांतीन तणतणत खानावळीत शिरली. चितारी सूप पीत बसला होता.

"चितारीबुवा, माझे पंख खाली करा."

सगळी हकिकत ऐकून तो बिचारा ओशाळला. त्याने पावाचा मऊ गर काढून त्याची गोळी वळली. "पेन्सिल याने पुसली जाते. पण तुम्हीच पुसा. माझ्या जिवावर येतं."

गोळी घेऊन ती भिंतीजवळ गेली. नवरा गेला तेव्हा सासूबाईंनी घरातला आरसा भिंतीकडे वळवला होता, तो तसाच होता; दोन वर्षांत तिने स्वतःला पाहिलंच नव्हतं. चित्रातली बाई चादर पिळता पिळता मान मागे टाकून खुदकन हसत होती.

"ही कुणाला हसतेय?"

"झाडीपलीकडून होडी चालली होती. नावाडी काहीतरी बेसूर गात होता."

"आणि मी हसले?"

"रोज हसता. होडी जवळ आली की."

कोरांतीनच्या लक्षात आलं, आपल्या मनातलं आपल्याआधी या परक्याला कळलं होतं. तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. बराच वेळ ती त्या हसणाऱ्या बाईकडे बघत राहिली.

मग तिने पावाची गोळी तोंडात टाकली आणि सावकाश चावून गिळली.

"सासूबाई विचारायला आल्या तर सांगा," ती म्हणाली, "पुसायला पाव उरला नाही म्हणून."