ना डिझेल, ना ऊन

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर एक मोटार, पट्ट्याने तिला जोडलेला डायनामो आणि वर ओळीने दहा दिवे. दिवे लख्ख पेटलेले, आणि बाहेरून एकही वायर आत आलेली नव्हती.

"ना डिझेल, ना ऊन, ना वारा!" यंत्रामागे उभे असलेले महाराज गरजले. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, गळ्यात मण्यांची माळ. म्हणजे विज्ञानवाल्यांची सोय झाली आणि भाविकांचीही. "मोटार डायनामोला फिरवते, डायनामो मोटारीला भरवतो. आई लेकराला पाजते आणि लेकरू आईला! हा विश्वाचा श्वास आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकराने आईला पाजलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मागच्या भिंतीला टेकून मोटारवाल्या मावशी ऐकत होत्या. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ओझं ओढणारी मोटार गुरगुरते. ही नुसती गुणगुणत होती.

"एक इस्त्री जोडून ओझं वाढवून बघू का?" मावशींनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटले. "या बाईंच्या संशयाच्या लहरी यंत्राला बाधतात. त्यांना बाहेर बसवा."

माना वळल्या. लोकांनी दारापर्यंत वाट करून दिली. मावशी पायरीवर जाऊन बसल्या. आतून टाळ्या ऐकू येत राहिल्या.

दोन वर्षं त्या याच वसाहतीत दारोदार फिरल्या होत्या. डिझेलचा जनरेटर काढू, हॉलच्या छपरावर सगळ्यांचे मिळून सौर पॅनेल बसवू, एवढंच त्यांचं मागणं. कारण घरातच होतं. त्या आणि धाकटी बहीण, दोघीच राहायच्या. धाकटीची फुप्फुसं अधू; दिवसातले काही तास तिला ऑक्सिजनचं मशीन लावावं लागे. वीज गेली की जनरेटरचा धूर थेट तिच्या खिडकीत यायचा. चौऱ्याऐंशी घरांपैकी एकसष्ट सह्या जमल्या होत्या.

महाराज आल्यावर आठवड्याभरात एकोणीस उरल्या.

"माझी सही तेवढी खोडा, मावशी," सेक्रेटरी म्हणाले. "आता छपरावर कोण चढतंय? महाराज आपल्याला यंत्र कायमचं देणार आहेत."

त्या दिवसापासून मावशींच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं, मोटार ठेवायचं आणि पाठ फिरवायचं. पूर्वी चहाला थांबणारे शिंपीकाकाही लांबूनच हात करून जाऊ लागले.

मग एके दुपारी मावशी घरी आल्या तर इन्व्हर्टरखाली नुसता धुळीचा चौकोन.

"बॅटरी कुठंय?"

"महाराजांकडे दिली," धाकटी म्हणाली. "जुन्या बॅटरीत नकारात्मक ऊर्जा साठते. ते शुद्ध करून देणार आहेत. अकरा घरांनी दिल्यात."

"अगं, वीज गेली तर तुझं मशीन कशावर चालणार?"

"तू दोन वर्षं नुसते कागद फिरवतेस, ताई. मला श्वास घ्यायचाय. ज्याने आज देतो म्हटलं, त्याच्याकडे गेले."

त्या रात्री दोघी दोन खोल्यांत जेवल्या.

रविवारी दुपारी पॅनेलचा प्रस्ताव कायमचा रद्द करायला सभा भरली. मावशी दारातच थांबल्या.

"महाराज, यंत्र नेहमी अर्धा तास चालवता. आज अंधार पडेपर्यंत चालवा. चाललं तर माझे कागद मीच फाडीन. आणि माझ्या लहरी नकोत म्हणून मी घरी जाते."

"चालवा, महाराज!" सगळे ओरडले. इतक्या भक्तांपुढे नाही म्हणायची महाराजांना सोय उरली नाही.

मावशी घरी येऊन स्वयंपाकघरात बसल्या. त्यांना खात्री होती, आणि ती वाटून घ्यायला जवळ कुणी नव्हतं. चार वाजले. पाच वाजले.

हॉलमध्ये साडेपाचच्या सुमारास यंत्रातून आवाज आला. टुंई... टुंई... टुंई...

"विश्वाचा नाद!" महाराज घाईने म्हणाले. "आता यंत्राला विश्रांती..."

पण सभेला आलेली धाकटी उठून उभी राहिली होती. तो आवाज तिच्याइतकं घाबरून कुणी ऐकला नसेल.

"हा इन्व्हर्टर आहे," ती म्हणाली. "बॅटरी संपत आली की असाच ओरडतो."

प्रत्येकाच्या घरात तो आवाज होता. दिवे गेले. कोट सावरत महाराज मागच्या दाराकडे सरकले, तर शिंपीकाकांनी कोटच धरून ठेवला. धाकटी धापा टाकत घरी आली. "ताई, चल."

हॉलमध्ये येऊन मावशींनी यंत्राच्या टेबलाखालची लाकडी पेटी उघडली. आत इन्व्हर्टर आणि वसाहतीतल्याच चार बॅटऱ्या. एकीवर पाणी भरल्याची तारीख मावशींच्याच अक्षरात होती. डायनामोच्या तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या; तो नुसता शोभेला फिरत होता. मागच्या खोलीतल्या बाकीच्या बॅटऱ्या न्यायला महाराजांनी ठरवलेला टेम्पो सोमवारी येणार होता.

"यंत्र ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतं," मावशी म्हणाल्या. "नेताना थोडी उष्णतेत जाते. जेवढं घालाल त्याहून कमीच हाती येतं. शून्यातून काही येत नाही."

महाराजांना पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्यांच्यावरचा राग चार दिवसांत निवला. आधीच सांगणाऱ्या बाईवरचा मात्र रेंगाळला. टाळ्या वाजवलेली माणसं मावशींना पाहून रस्ता बदलू लागली. पुढच्या सभेत सत्तेचाळीस हात वर झाले, पॅनेल मंजूर झाले, पण अभिनंदन करायला कुणी पुढे आलं नाही. घरी परतताना धाकटीने त्यांचा दंड धरला, एवढंच.

पॅनेल बसल्यावर मावशींनी हॉलच्या दाराशी मीटर लावून घेतला. शेजारी फळ्यावर लिहिलं : 'माझ्यावर विश्वास ठेवू नका. रोजचा आकडा स्वतः वाचा.' बरेच दिवस तिथे त्या एकट्याच उभ्या असत.

एका सकाळी शिंपीकाका चष्मा पुसत शेजारी येऊन उभे राहिले.

"मावशी, काल आकडा कमी कसा?"

"काल ढग होते."

"लोक नावं ठेवतील हो. लपवायचं तरी."

"ते का लपवायचं? ढग आले की वीज कमी होणारच," मावशी म्हणाल्या. "ज्या यंत्राला कधीच ढग आडवे येत नाहीत असं कुणी सांगेल ना काका, त्याचं झाकण आधी उघडून बघा."